पोस्त आणि बोनस

काही शब्द वर्षातून एकदाच बाहेर पडतात. चकलीचा सोऱ्या जसा अकरा महिने फडताळात पडून असतो आणि आश्विन सरत आला की घासूनपुसून ओट्यावर येतो, तसाच 'पोस्त' हा शब्द. टपालवाला दारात जरा जास्त रेंगाळतो, झाडूवाली कधी नव्हे ती हसून बोलते, रात्रीचा पहारेकरी काठी अंमळ जोराने आपटतो, आणि घरातली कर्ती बाई विचारते, "पोस्ताचे पैसे वेगळे काढून ठेवलेत ना?" माझ्या वर्गातली निम्मी मुले छातीठोकपणे सांगतात की पोस्टमनला द्यायचे म्हणून ते पोस्त! वर्षभर जो आपल्यासाठी राबला त्याच्या हातावर सणाच्या निमित्ताने ठेवलेला पैसा, मग तो हात कोणाचाही असो, म्हणजे पोस्त.

पोस्त किती द्यावे याला नियम नाही. सगळा कारभार देणाऱ्याच्या मनावर. घेणाऱ्याने आकडा बोलावयाचा नाही आणि हातात पडले ते पाहून तोंड वाकडे करावयाचे नाही.

याच सुमारास घरातले मिळवते माणूस कचेरीतून किंवा कारखान्यातून येते तेव्हा त्याच्या तोंडी निराळा शब्द असतो. बोनस! हा कोणाच्या मनावर नसतो. त्याचे टक्के ठरलेले असतात, ते फळ्यावर लागतात, आणि कमी पडले तर दरवाज्याशी सभा भरते. सण एकच, दोन्ही पैसे पगाराच्या वरचे, आणि तरी एकाला आपण उपकार समजतो, दुसऱ्याला हक्क. हा फरक आपोआप पडलेला नाही. त्यापायी माणसे महिनोन्‌महिने उपाशी राहिली, काही गोळीला बळी पडली. फराळाचे ताट पुढ्यात असताना हा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या ताटातली साखर पुष्कळ घरांत बोनसमधूनच आलेली असते, तेव्हा तिची कूळकथा ऐकावयास हरकत नसावी.

धन्याने चाकराच्या कामाची जाण ठेवावी, हे काही आपल्याला गिरण्यांनी शिकवले नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळी जिंजीस बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगी आपण वाघनखांपाशी थांबतो. सभासद मात्र लढाई संपल्यावरही लिहीत राहतो. जे कामास आले त्यांच्या मुलांचे महाराजांनी चालवले, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन करून दिले, जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत दिले, आणि नामांकितांना हत्ती, घोडे, कडी, कंठमाळा बक्षीस दिल्या, असे तो सांगतो. या सगळ्या यादीत मला हत्तीपेक्षा त्या विधवेचे निम्मे वेतन मोठे वाटते. हत्ती ही राजाची मर्जी. आज खूष आहे, दिला. निम्मे वेतन हे प्रमाण आहे. ते मागताना कोणा बाईला दरबारात पदर पसरावा लागला नसेल.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशी एक पायरी आहे. गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव तिच्यावर 'सेवेचे ठायी तत्पर' या शब्दांसह कोरलेले आहे. हवे ते माग, असे महाराज म्हणाले आणि हिरोजींनी फक्त ही पायरी मागितली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट दंतकथा असेल. पायरी खरी आहे आणि अजून लोक तिच्यापाशी वाकतात. चिऱ्यावर नाव येण्याचे भाग्य पुढच्या काळात राबणाऱ्याला क्वचितच लाभले. पेशवाईत शेलापागोटी, पालख्या, आबदागिरी यांची लयलूट झाली, पण ती बहुतेक वरच्या मंडळींत.

मग गिरण्या आल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या बाजूला धुराड्यांचे रान उभे राहिले आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतली तरणी माणसे भोंग्याच्या हाकेला ओ देऊ लागली. गावी मालक कसाही असला तरी तो दिसत असे. त्याच्या ओसरीवर जाऊन चार शब्द बोलता येत. गिरणीत मालक दिसेनासा झाला. दिसे तो जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, आणि रजेवरून परत आल्यावर साच्यावर पुन्हा उभे करणारा वा न करणाराही तोच.

येथे आभाराची गंगा उलटी वाहू लागली. काम करून घेणाऱ्याने काम करणाऱ्याचे आभार मानावयाचे, ते राहिले बाजूला. काम मिळाले म्हणून कामगारानेच जॉबरला दस्तुरी द्यावयाची! ती एकदा देऊन भागत नसे. पगाराच्या दिवशी, सणासुदीला, बदलीचे काम मिळाले तर त्याबद्दल, अशी ती चालूच राही. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. सरकारने १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही कमिशनने या लाचखोरीवर ताशेरे ओढले, तोपर्यंत दोन पिढ्या ती मुकाट्याने भरून मोकळ्या झाल्या होत्या. गंमत अशी की दसऱ्याला याच खात्यांतून यंत्रांची पूजा होई, साच्यांना झेंडूचे हार चढत, नारळ फुटत. लोखंडाची कृतज्ञता आपण कधी विसरलो नाही.

हाडामांसाच्या माणसाची आठवण प्रथम मोठ्याने करून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीरावांचे अनुयायी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा मनाला लागतो. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात पडावा, आणि कामावर जायबंदी झालेल्याला काही मिळावे. बक्षिसाची, शाबासकीची भाषा त्यात नाही. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज अंघोळीला उशीर करीत आपण रविवार साजरा करतो, त्याच्यामागे ही माणसे आहेत.

लोखंड्यांच्या त्या पगाराच्या मागणीकडे जरा लक्ष द्या, कारण तिचा उपयोग आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक कहाणी फिरते. पूर्वी म्हणे पगार आठवड्याचा होता. वर्षाचे बावन्न आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा महिने. इंग्रजांनी बारा महिन्यांचा पगार सुरू करून एक महिना खाल्ला, आणि तो परत मिळवला तोच दिवाळी बोनस. हिशेब मोठा झोकदार आहे, आणि मुलांना गणित शिकवावयास मी तो वापरलाही असता. पण मुंबईच्या गिरण्यांत पगार १८८४ मध्येच महिन्याचा होता आणि तोही वेळेवर मिळत नव्हता, हे लोखंड्यांच्या अर्जावरूनच उघड दिसते. खरी हकीगत इतकी सोपी नाही.

सगळे मालक एका माळेचे मणी होते असे मात्र कोणी समजू नये. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा तिथे निराळीच अडचण उभी राहिली. कामगार रोज येतच ना! चार पैसे गाठीला आले की चार दिवस घरी. दुसऱ्या कोणी दंड बसवला असता. टाटांनी उलट वाट धरली. चांगले काम करणाऱ्यांना समारंभ करून बक्षिसे दिली, कोणाला घड्याळ, कोणाला सोन्याची साखळी; खेळांचे दिवस ठेवले, त्यात घरच्या माणसांना बोलावले. आणि एवढ्यावर न थांबता १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. घड्याळ आणि साखळी आज कोणाच्या घरी असेल-नसेल. पण म्हातारपणाचा निधी, जखमेची भरपाई, या गोष्टी पुढे देशाच्या कायद्यात आल्या. सभासदाच्या बखरीतले हत्ती आणि निम्मे वेतन येथे पुन्हा शेजारी शेजारी उभे राहिलेले दिसतात.

बोनसची कूळकथा सुरू होते ती पहिल्या महायुद्धात. विलायतेचे कापड येईना, मुंबईच्या गिरण्यांना सोन्याचे दिवस आले, आणि त्याचबरोबर धान्याचे भाव चढले. तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी पगारावर दहा टक्के वाढावा दिला, पुढच्या वर्षी पंधरा टक्के. (अहमदाबादेत याच काळात प्लेगमुळे कामगार पळू नयेत म्हणून जादा रक्कम दिली गेली आणि साथ ओसरताच काढून घेतली. तिच्यावरून १९१८ मध्ये गांधीजींनी उपोषण केले. एका बाजूला गिरणीमालक अंबालाल साराभाई आणि दुसऱ्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन, असा तो घरातला आणि बाहेरचा लढा होता. पस्तीस टक्के वाढ मिळून तो मिटला.) मुंबईत १९१९ पासून वर्षाच्या हिशेबाने बोनस मिळू लागला, आणि कामगार तो धरूनच चालू लागले. गावचे देणे, पोरीचे लग्न, घरावरची कौले, सगळे त्या पैशाच्या भरवशावर.

१९२३ साली मालकांनी जाहीर केले की यंदा नफा नाही, बोनस नाही. १९२४ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख माणसे संपावर गेली. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिच्यापुढे प्रश्न ठेवला: या बोनसवर कामगारांचा काही हक्क पोचतो काय? वहिवाटीने, कायद्याने, निदान न्यायबुद्धीने? समितीने उत्तर दिले की तिन्ही तऱ्हांनी पोचत नाही. म्हणजे चार वर्षे जे दिले ते पोस्त होते! दिले तेव्हा मर्जी होती म्हणून दिले, आता मर्जी नाही. मार्चमध्ये गोळीबार झाला, त्यात माणसे मेली, आणि महिना सरत आला तेव्हा उपासमारीने गांजलेले लोक हात हलवीत कामावर परतले.

मला या निकालात एक गोष्ट विलक्षण वाटते. मालकांच्या बाजूने शुद्ध कायदा बोलत होता आणि त्यात खोट काढणे कठीण होते. करारात बोनस नव्हता, हे खरेच. पण तुमच्या श्रमाने आम्हांला भरभराट आली, त्याबद्दल हे घ्या, असे चार वर्षे म्हणून पाचव्या वर्षी 'तुमचा काय संबंध?' असे विचारणे, यात कायदा शाबूत राहिला तरी कृतज्ञतेचे सोंग उघडे पडले. कामगार लिहायला-वाचायला शिकलेले नसतील, पण एवढे त्यांना नक्की उमगले की ज्या आभाराला प्रमाण नाही त्याच्यावर चूल पेटत नाही.

यात शब्दांचीही एक गंमत आहे. 'बोनस' हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ नुसता 'चांगला'. मालक ज्याला 'एक्स ग्रेशिया' म्हणत, त्यातला 'ग्रेशिया' म्हणजे कृपा किंवा मर्जी. आणि निवृत्त होताना मिळते ती 'ग्रॅच्युइटी' त्याच घराण्यातली. इंग्रजीतला कृतज्ञतेचा शब्दही याच कुळातला. कृपा आणि कृतज्ञता यांचे मूळ एकच निघावे, आणि त्या दोहोंतला फरक ठरवावयास न्यायाधीश बसावे लागावेत!

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नफा आला, पुन्हा बोनस आला, पण आता वारे बदलले होते. नफा हा भांडवल आणि श्रम या दोघांच्या हातचा आहे, तेव्हा श्रमाला त्यात वाटा आहे, असे लवादाचे निकाल येऊ लागले. १९५० साली कामगारांच्या अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्या तंट्यात एक सूत्रच बांधून दिले. आपल्या घरच्या हिशेबासारखेच ते आहे. वर्षाच्या मिळकतीतून आधी यंत्रांची झीज काढा, मग जुनी यंत्रे बदलण्याची तरतूद, मग कर, मग भागधारकांच्या भांडवलावर सहा टक्के, मग राखीव पैशावर थोडे व्याज. इतके करून उरले तर त्यात कामगारांचा वाटा. 'उरले तर' या दोन शब्दांत सगळी मेख होती. त्याच वर्षी दोन महिन्यांचा बोनस की तीन, यावरून समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला. दोन लाखांच्या आसपास कामगार १४ ऑगस्टपासून त्रेसष्ट दिवस बाहेर राहिले आणि पदरात काही न पडता परतले. दिवाळी तेव्हा तोंडावर आली होती.

सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये कानपूरच्या म्यूर मिल्सच्या खटल्यात सांगितले की बोनस हे बक्षीस नव्हे आणि मागे ठेवलेला पगारही नव्हे. माणसाला जगावयास लागणारे वेतन आणि त्याला प्रत्यक्ष मिळणारे वेतन, यांच्यामधली दरी थोडी बुजवण्याचा तो उपाय आहे. पुढे १९५९ मध्ये सिमेंट कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी ते १९५० चे सूत्र कायम केले, पण या विषयाचा विचार एखाद्या आयोगाने करावा असेही सुचवले. गजेंद्रगडकर सातारचे. ज्या सातारच्या खेड्यांतून गाड्या भरभरून माणसे परळला गेली, त्याच गावच्या एका शास्त्रीघराण्यातल्या मुलाने त्यांच्या बोनसचा निवाडा करावा, हा योग कादंबरीत घातला तर टीकाकार नाक मुरडतील.

आयोग १९६१ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९६४ मध्ये आला, आणि २५ सप्टेंबर १९६५ रोजी बोनसचा कायदा झाला. नफा होवो की तोटा, कमीत कमी चार टक्के, अधिकात अधिक वीस टक्के. 'उरले तर' गेले! १९७२ मध्ये हे किमान प्रमाण सव्वाआठ टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे ८.३३ टक्के झाले. बारा महिन्यांच्या पगाराचा बारावा हिस्सा, बरोबर एक महिन्याचा पगार. आणीबाणीत १९७५ साली त्याला कात्री लागली, १९७७ मध्ये ते पूर्ववत झाले. अलीकडे २०१९ च्या वेतनसंहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. पण मॅक्लिओड समितीच्या त्या 'नाही'ला 'होय' म्हणावयास एकेचाळीस वर्षे लागली, ही नोंद कुठेतरी राहावयास हवी.

गिरणगावचे नष्टचर्यही दिवाळीच्या बोनसवरूनच सुरू व्हावे, याला काय म्हणावे? १९८१ च्या दिवाळीत मान्यताप्राप्त संघटनेने वीस टक्क्यांहून कमी बोनस पत्करला म्हणून गिरण्या-गिरण्यांतून संताप उसळला, प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारी गेले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख माणसांचा तो संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते लोअर परळला जाऊन कोणीही पाहावे. तिथल्या दुकानांतून आता दिवाळीला सजवलेल्या भेटपेट्या विकल्या जातात, कंपन्यांनी नोकरांना द्यावयाच्या: सुका मेवा, मेणबत्ती, आणि 'आपल्या योगदानाबद्दल आभार' असे छापलेले कार्ड. वाईट नाही. मलाही शाळेतून एकदा मिठाईचा पुडा मिळाला होता आणि तो घरी सर्वांना आवडला. पण ती पेटी पाहिली की तिच्याबरोबर पगाराच्या पावतीवर काय आकडा आहे, ते विचारावेसे वाटते.

आणि हा इतिहास परळलाच संपत नाही. कारखान्यांना, आणि इतर ठिकाणी किमान वीस माणसे कामाला असतील तर, १९६५ चा कायदा लागू होई. आपल्या घरात काम करावयास एकच येते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. धुणेभांडी खोळंबली, पेठांतून आणि सोसायट्यांतून चर्चा झाली. पगारवाढ, महिन्यातून ठरावीक सुटी आणि दिवाळीला बोनस, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बोनस! पोस्त नव्हे. ज्या बाईचा नवरा किंवा भाऊ कुठे कामावर होता, तिने तो शब्द तिथून उचलला असेल आणि आपल्या मालकिणीपुढे ठेवला असेल. लोखंड्यांच्या अर्जातली सुटी आणि गिरणगावातला बोनस, दोन्ही येथे एका शेगडीपाशी भेटले.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण दिवाळीला हातावर काय ठेवावयाचे, त्याचा आकडा अजून ज्या त्या घराच्या ओट्यापाशीच ठरतो. काही घरांत तो एक महिन्याचा पगार असा ठरून गेला आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही, बाई आकडा मागत नाही आणि मालकीण मोठेपणा मिरवत नाही. तिथे पैसे देऊन झाल्यावर वर एक डबा फराळाचा दिला जातो, आणि बाई तो उघडून म्हणते, "ताई, यंदा चकली मऊ पडली वाटतं तुमची."